ग्नाडेनाउ : आधी रेल्वे, मग गाव, मग वस्त्या

१८७४ चा ऑगस्ट. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या मार्यन काउंटीत एक गाडी उंच गवतातून चालली होती. रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या एका गटाचे पुढारी याकोब वीबे आपल्या कुटुंबाला घेऊन पीबॉडी स्टेशनावरून निघाले होते. गवतात एका जागी त्यांनी गाडी थांबवली. इथं का थांबलो, असं बायकोनं विचारलं. आपल्याला इथंच राहायचं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ती रडू लागली. ही आठवण वीबेंनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. तिथं घर नव्हतं, झाड नव्हतं, रस्ताही नव्हता. टोळधाड नुकतीच येऊन गेली होती.

त्या जागी पुढच्या काही आठवड्यांत ग्नाडेनाउ नावाचं गाव उभं राहिलं. ‘कृपेचं कुरण’ असा त्या जर्मन नावाचा अर्थ. एकच लांब रस्ता, रस्त्याकडेला ओळीनं घरं आणि भोवती सगळ्यांच्या वाट्याला आलेल्या शेताच्या पट्ट्या. काही वर्षांतच हे गाव गाव म्हणून उरलं नाही. माणसं तिथंच होती, शेती उत्तम चालली होती, कर्जापायी कोणी परागंदा झालं नव्हतं. तरीही एकेक घर उठून आपापल्या शेतात गेलं.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते याच कारणानं. उत्तर अमेरिकेतली गवताळ मैदानं, म्हणजे प्रेअरी, रेल्वेमुळे वसली हे वाक्य अनेक पुस्तकांत असतं. पण रेल्वेनं नुसती माणसं आणून सोडली नाहीत. कोण यायचं, कुठं राहायचं आणि शेजारी किती लांब असायचा, हेही बऱ्याच अंशी तिच्या व्यवहारानं ठरवलं. ग्नाडेनाउमध्ये ते अगदी घराघरापर्यंत उतरलेलं दिसतं.

जमीन कुठून आली

आचिसन, टोपेका अँड सांता फे ही कंपनी सायरस हॉलिडे यांनी १८५९ मध्ये स्थापन केली. हाताशी पैसा नव्हता आणि ज्या मुलखातून रूळ न्यायचे तिथं भाडं देणारा माल नव्हता. १८६३ च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसनं या मार्गासाठी जमीन मंजूर केली. अट अशी की दहा वर्षांत रूळ कॅन्ससच्या पश्चिम सीमेला पोचले पाहिजेत. टोपेकाहून बांधकाम सुरू व्हायलाच १८६८ उजाडलं. १८७१ च्या जुलैत रूळ न्यूटनला आले, १८७२ च्या सप्टेंबरात डॉज सिटीला, आणि त्याच डिसेंबरच्या अखेरीस कोलोरॅडोच्या सीमेवर. मुदत संपायला दोन महिने उरले होते. कंपनीच्या पदरात सुमारे ३० लाख एकर जमीन पडली.

ही जमीन सलग पट्ट्यानं मिळाली नव्हती. सरकारी मोजणीत सगळा मुलूख एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत आखलेला होता. असा एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा. रुळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मैलांपर्यंतचे विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वेला आणि सम क्रमांकाचे सरकारकडे, अशी वाटणी होती. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसे. रेल्वेचे सेक्शन एकमेकांना कोपऱ्याला टेकत. कडेला कड कुठंच लागत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सगळं प्रकरण पुढे या कोपऱ्यांपाशीच येऊन अडतं.

सरकारी सम सेक्शनांतही रेल्वेमुळे फरक पडला. तिथला किमान दर एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर झाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं एरवी १६० एकर जमीन पाच वर्षं कसून जवळजवळ फुकट मिळे. रेल्वेच्या हद्दीत १८७९ पर्यंत ती ८० एकरच मिळत असे. शिवाय होमस्टेड घेणाऱ्यानं त्याच जमिनीवर घर बांधून राहिलं पाहिजे, ही अट होती.

आणि ही जमीन रिकामी होती, असं तेव्हाच्या जाहिराती सांगत. ती रिकामी केलेली होती. टोपेकाजवळचं पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांचं राखीव क्षेत्र कमी करून त्यातली सुमारे ३ लाख ३८ हजार एकर जमीन याच सांता फे कंपनीनं १८६० च्या दशकाच्या अखेरीस एकरी १ डॉलरनं, तीही उधारीवर घेतली आणि ती विकून सुरुवातीचं बांधकाम उचलून धरलं. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडलं ते कॉ लोक १८७३ च्या जूनमध्ये कौन्सिल ग्रोव्हजवळची आपली उरलीसुरली जमीन सोडून दक्षिणेकडच्या इंडियन टेरिटरीत गेले. त्यांना जावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मेनोनाइटांचे बारा प्रतिनिधी जमिनीच्या शोधात अमेरिकेत हिंडत होते.

बारा माणसं आणि एक एजंट

मेनोनाइट हा शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ. हे लोक मूळचे नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडचे. प्रशियातून रशियाच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, ते राणी कॅथरीनच्या धोरणामुळे गेले. खोर्तित्सा वसाहत १७८९ ची, मोलोच्ना १८०४ ची. लष्करी सेवेतून कायमची सूट हे त्यांना दिलेलं वचन होतं. १८७० नंतर रशियानं सर्वांना सक्तीची लष्करी सेवा लावायचं ठरवलं आणि हे वचन डळमळलं. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे १८,००० माणसं उत्तर अमेरिकेकडे निघाली. त्यातली सात-आठ हजार कॅनडातल्या मॅनिटोबात गेली, उरलेली अमेरिकेत. कॅन्ससच्या वाट्याला पाच हजारांच्या आसपास आली.

गवताळ मुलखात तीन पिढ्या शेती केलेली, हाताशी पैसा असलेली, एकत्र राहणारी आणि दारू-जुगारापासून दूर असलेली ही माणसं. कोणत्याही रेल्वे कंपनीला हवीहवीशी वाटावीत अशीच.

कंपनीची गरज समजून घ्यायला न्यूटनकडे बघावं. १८७१ मध्ये रूळ आले तसा टेक्सासहून हाकत आणलेल्या गुरांचा बाजार तिथं भरू लागला. एका हंगामात दारूची दुकानं, जुगाराचे अड्डे, गोळीबार असं सगळं झालं. १८७२ मध्ये फाटा विचिटाला गेला आणि गुरंही तिकडे वळली. न्यूटन ओस पडलं. पश्चिमेकडून येणारा माल म्हणजे रानरेड्यांची कातडी आणि पुढे त्यांची हाडं. तो साठा मर्यादित होता. १८७३ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाची जे कूक पेढी बुडाली आणि देशभर मंदी आली. जमीन विकली की पैसा एकदाच हाती येतो. त्या जमिनीवरचा गहू दर वर्षी गाडीत चढतो आणि शेतकऱ्याला लागणारं लाकूड, लोखंड, कापड दर वर्षी गाडीतून उतरतं. सांता फेच्या जमीन खात्याला हे स्वच्छ कळत होतं. म्हणून जमिनीच्या दराबाबत ते घासाघीस सोसायला तयार होते.

१८७३ मध्ये कंपनीनं सी. बी. श्मिट याला परदेशी वसाहतदार आणण्याच्या कामावर नेमलं. तो सॅक्सनीत जन्मलेला जर्मन होता. मेनोनाइटांशी तो त्यांच्या भाषेत बोले, त्यांच्या पुढाऱ्यांना घेऊन शिवार दाखवत हिंडे. १८७५ मध्ये तर तो थेट रशियातल्या त्यांच्या खेड्यांत जाऊन आला. या बाजूनं मेनोनाइटांचं एक मदत मंडळ होतं. त्यात डेव्हिड गर्झ आणि बर्नहार्ड वार्केन्टिन हे पुढे कॅन्ससमध्येच स्थायिक झालेले तरुण होते.

स्पर्धा जोरात होती. नेब्रास्कात बर्लिंग्टन कंपनी, कॅन्ससच्या उत्तर भागात कॅन्सस पॅसिफिक, डकोटाकडे नॉर्दर्न पॅसिफिक. मोलोच्नातल्या अलेक्झांडरवोल गावची जवळपास सगळी मंडळी १८७४ मध्ये दोन जहाजांनी निघाली. त्यातले काही बर्लिंग्टनकडे वळून नेब्रास्कात राहिले, बाकीचे सांता फेच्या जमिनीवर आले. गावाच्या गाव दोन कंपन्यांत वाटलं गेलं.

कॅन्ससचं पारडं जड करण्यात राज्य सरकारचाही हात होता. १८७४ च्या सुरुवातीला विधिमंडळानं राज्याच्या लष्करी दलातून मेनोनाइटांना सूट देणारी दुरुस्ती केली. एवढ्या दूरच्या, अजून न आलेल्या शेतकऱ्यांसाठी कायदा बदलला गेला, हे रेल्वेच्या वजनाशिवाय सहज घडलं असतं असं मला वाटत नाही.

व्यवहार

सांता फेच्या जाहिरातीत ११ वर्षांची उधारी, ७ टक्के व्याज आणि जमीन सुधारणाऱ्याला दरात सूट असं ठळक छापलेलं असे. मेनोनाइटांपैकी ज्यांची ऐपत होती त्यांनी बरीच रोख रक्कम मोजली. त्याबदल्यात कंपनीनं प्रवासाच्या आणि सामानाच्या भाड्यात सवलती दिल्या. टोपेकात शेकडो माणसांना पुलांच्या कारखान्याच्या रिकाम्या इमारतीत उतरवलं. अलेक्झांडरवोलच्या लोकांसाठी माळावर दोन लांबलचक चाळी बांधल्या, प्रत्येकी १८ फूट रुंद आणि २०० फूट लांब. पहिला हिवाळा कुटुंबांनी तिथं काढला.

पण या व्यवहारात कोणती जमीन घ्यायची हे खरं तर आधीच ठरून गेलं होतं. मेनोनाइटांना सलग जमीन हवी होती. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत धडक मारली. सरकारनं आपले सम सेक्शन त्यांच्यासाठी काही काळ राखून ठेवावेत, म्हणजे रेल्वेचे विषम आणि सरकारचे सम मिळून एकसंध मुलूख होईल, असं विधेयक १८७४ च्या एप्रिलमध्ये सेनेटमध्ये चर्चेला आलं. एका परक्या भाषेच्या पंथाला बंद कप्पा करून देऊ नये, असा विरोध झाला आणि विधेयक बारगळलं.

उरला एकच मार्ग. होमस्टेड घ्यावं तर कायद्यानंच प्रत्येकाला आपापल्या तुकड्यावर वेगळं राहावं लागणार, म्हणजे गाव होणारच नाही. रेल्वेच्या जमिनीवर राहण्याची अट नव्हती. पैसे भरले की घर कुठंही बांधा. गाव करायचं तर रेल्वेकडूनच जमीन घ्यायला हवी होती. रेल्वेनं ग्नाडेनाउ शक्य केलं ते असं.

वीबेंचा गट क्रिमियातला. सिम्फेरोपोलजवळच्या आनेनफेल्ड गावात १८६९ मध्ये त्यांनी आपली वेगळी, फार कडक शिस्तीची मंडळी स्थापली होती. १८७४ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला उतरले, इंडियानातल्या एल्कहार्टला थांबले आणि वीबे जमीन बघायला पुढे गेले. नेब्रास्कात विहिरी खोल खणाव्या लागतात, त्याला खर्च फार, हे त्यांच्या मनात बसलं. कॅन्ससमध्ये पाणी वर होतं. टोळांनी उजाड केलेलं शिवार त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधीचे अनेक शेतकरी गाड्या भरून पूर्वेकडे परतत होते. तरी त्यांनी पाण्यावर भरवसा ठेवला.

गावठाण आणि शिवार

आपल्याकडे पांढरी आणि काळी असे दोन शब्द आहेत. पांढरी म्हणजे राहायची जागा, गावठाण. काळी म्हणजे कसायची जमीन. घरं एकत्र, शेतं भोवती. ग्नाडेनाउ मनात उभं करायचं तर मराठी वाचकाला हे दोन शब्द पुरेत. अमेरिकन शेजाऱ्यांना मात्र ते विलक्षण वाटे, कारण त्यांच्याकडे शेतकरी आपल्या शेतात एकटाच राही.

रशियातल्या सवयीप्रमाणे त्यांनी एका सेक्शनमध्ये रस्ता आखला आणि घरं ओळीनं बांधली. पहिल्या हंगामातली काही घरं म्हणजे जमिनीवर टेकवलेलं नुसतं गवती छप्पर. मग कच्च्या विटांची घरं आली, गोठा त्याच छपराखाली जोडलेला. घराच्या मधोमध विटांची मोठी भट्टी असे. माळावर लाकूड नव्हतं, म्हणून गवताच्या किंवा काडाच्या पेंढ्या पिळून त्यात जाळत, आणि तेवढ्यावर घर रात्रभर ऊबदार राही. शेजारचे अमेरिकन लाकूड-कोळशासाठी रेल्वेकडे पैसे मोजत असताना ही मंडळी गवतावर हिवाळा काढत होती. तुतीची, जर्दाळूची झाडं लावली, कलिंगडं लावली.

शेतजमीन पट्ट्यांनी वाटली होती. प्रत्येकाला जवळचा थोडा, लांबचा थोडा, चांगल्या पोताचा थोडा, हलका थोडा असा न्याय्य वाटा मिळावा हा हेतू. शाळा-प्रार्थना चालण्याच्या अंतरावर. आजारी पडलं तर शेजार भिंतीपलीकडे.

अडचण कागदावर होती. रेल्वेनं खरेदीखत दिलं ते मोजणीच्या चौकोनाप्रमाणे, व्यक्तीच्या नावानं: अमुक सेक्शनचा अमुक चतकोर अमक्याचा. पट्ट्या मात्र या चौकोनांना आडव्या जात. म्हणजे कसायचा एक, खत दुसऱ्याच्या नावावर. सातबाऱ्यावरच्या नावाचा आणि प्रत्यक्ष वहिवाटीचा मेळ नसला की काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सगळं चालायचं ते परस्परांच्या शब्दावर. कर कोणी किती भरायचा? एकानं विकायचं ठरवलं तर गिऱ्हाइकाला कोणती जमीन मिळणार? पट्टीवर शेणखत टाकून, झाडं लावून ती ज्यानं सुधारली त्याला काय? वडील वारले आणि कोर्टात वाटणी गेली तर न्यायाधीश खत बघणार, गावचा शब्द नाही.

शिवाय गाव वाढायला जागा नव्हती. रशियात गावाची जमीन सलग असे. इथं विषम सेक्शन संपला की पलीकडे सम सेक्शन, आणि तिथं होमस्टेडवाला. आणखी जमीन घ्यायची तर कोपरा ओलांडून पुढच्या विषम सेक्शनमध्ये. ज्याची जमीन तीन मैलांवर त्यानं रोज नांगर घेऊन गावातून किती हेलपाटे घालायचे? जमीन स्वस्त आणि माणूसबळ महाग असलेल्या मुलखात हा वेळ फार जड जातो.

१८७५ मध्ये नोबल प्रेंटिस हे कॅन्ससचे पत्रकार या वसाहती बघायला आले तेव्हा गवती छपरांचं गाव त्यांनी पाहिलं. १८८२ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा गावरचना मोडली होती. मेनोनाइट आपापल्या शेतावरच्या प्रशस्त घरांत राहत होते, भोवती वाढलेली झाडं होती, सुबत्ता दिसत होती. शिवारातल्या वस्त्यांचा मुलूख झाला होता. कोणी हाकललं नव्हतं, भांडण होऊन फूट पडली असंही नाही. एकेकानं खतावरच्या आपल्या चतकोराकडे पाऊल उचललं, इतकंच.

गरिबांची गोष्ट वेगळी होती, ती थोडक्यात का होईना सांगायला हवी. १८७४-७५ च्या हिवाळ्यात रशियातल्या वोल्हिनिया प्रांताकडून अगदी निष्कांचन मेनोनाइट फ्लॉरेन्स स्टेशनावर येऊन पडले आणि एका रिकाम्या दुकानात दाटीवाटीनं राहिले. आजार पसरला. मदत मंडळानं त्यांच्यासाठी रेल्वेकडून कुटुंबामागे ४० एकर अशी जमीन उभी केली. गाव करावं की वस्ती, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. ज्याच्याकडे पैसा होता त्याच्याशी कंपनी वाटाघाट करी; ज्याच्याकडे नव्हता त्याचा भार त्याच्याच धर्मबंधूंनी उचलला.

मॅनिटोबाशी ताडून पाहिलं तर

गावं मोडली ती अमेरिकेच्या हवेमुळे, तरुणांना स्वातंत्र्य हवं होतं म्हणून, असं कोणी म्हणेल. त्यात काही तथ्य असेल. पण त्याच वर्षांत, त्याच मेनोनाइटांचे नातलग मॅनिटोबात गेले होते. कॅनडा सरकारनं त्यांना सलग मुलूख राखून दिला, आधी लाल नदीच्या पूर्वेला आणि मग पश्चिमेला. गाव करून राहणाऱ्यांना प्रत्येकानं आपापल्या तुकड्यावर घर बांधायची अट शिथिल केली. तेव्हा तिथं रेल्वेची बुद्धिबळपटी वाटणी आड येत नव्हती. तिथंही खतं व्यक्तीच्याच नावावर होती, तिथंही पट्ट्या होत्या. तरी शंभराच्या आसपास गावं वसली आणि त्यातली बरीच पुढे कित्येक दशकं टिकली. नॉयबर्गथाल या गावाचा तो एकरस्ती आराखडा आजही जपलेला आहे, कॅनडानं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हटलं आहे.

मॅनिटोबाला गेलेले लोक जास्त सनातनी होते, हा फरक मान्य करायलाच हवा. पण वीबेंचा गटही शिस्तीत कोणाला हार जाणारा नव्हता. मला जमिनीच्या वाटणीचं कारण सर्वांत भक्कम वाटतं. कॅन्ससमध्ये गाव टिकवायला रोज मन घट्ट करावं लागे. मॅनिटोबात मुलूखच सलग असल्यामुळे ते तुलनेनं सोपं होतं.

फाटा येतो

ग्नाडेनाउ वसलं तेव्हा सर्वांत जवळचं स्टेशन पीबॉडी. सांता फेच्या वाटेवरची नावं वाचली तरी पैसा कुठला होता ते कळतं. पीबॉडी हे बॉस्टनच्या सावकाराचं नाव, निकरसन हे कंपनीच्या अध्यक्षांचं, बर्टन हे उपाध्यक्ष बर यांच्यावरून पडलेलं. न्यूटन हे मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनवरून, कारण काही भागधारक तिथले.

१८७९ मध्ये फ्लॉरेन्सहून मॅक्फर्सनकडे फाटा निघाला. मेनोनाइटांनी पाच वर्षांत एवढा गहू पिकवला होता की त्यांच्या शिवारातून रूळ टाकणं परवडू लागलं. या फाट्यावर, ग्नाडेनाउपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, हिल्सबरो आखलं गेलं. धान्य चढवायची सोय, लाकडाची वखार, टपाल, दुकानं सगळं रुळाकाठी आलं. विस्कटत चाललेल्या ग्नाडेनाउत जे काही गावपण उरलं होतं ते तिकडे ओढलं गेलं.

वऱ्हाडातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तिथं चांदूर रेल्वे आहे, धामणगाव रेल्वे आहे. तालुक्याच्या नावातच रेल्वे. कापसासाठी रूळ आले आणि स्टेशनाभोवती पेठ वाढली. फरक मोठा आहे तो असा की जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या रेल्वे कंपनीला इंग्रज सरकारनं जमिनीची खैरात करण्याऐवजी भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. शेतकरी आणून वसवण्याची तिला गरजच नव्हती. गावं शतकानुशतकं होतीच, आणि रुळांनी फक्त त्यांचा बाजार हलवला. कॅन्ससमध्ये कंपनी एकाच वेळी जमीनदार, वाहतूकदार आणि नगररचनाकार होती. मालाचं भाडंही तीच ठरवी. भाड्याच्या दरांवरून १८९० च्या दशकात कॅन्ससचे शेतकरी राजकारणात उतरले, त्यामागे हीच एकवटलेली सत्ता होती.

गहू

मेनोनाइटांनी टर्की रेड नावाचा लाल, टणक दाण्याचा गहू आणला. सप्टेंबरात पेरायचा, हिवाळा बर्फाखाली निजू द्यायचा आणि टोळांचा, कडक उन्हाचा हंगाम भरात येण्याआधी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच कापायचा. क्रिमियाच्या कोरड्या थंडीत घडलेलं ते वाण कॅन्ससला मानवलं. निघण्याआधी मुलांनी एकेक दाणा निवडून पेट्या भरल्या, अशा आठवणी कुटुंबांत सांगतात. त्या खऱ्या असोत वा नसोत, एवढ्यावर राज्याचं पीक बदललं नाही. गव्हाची थंडीतली पेरणी कॅन्ससमध्ये आधीपासून होत होती, पण मऊ दाण्याची. टणक दाणा दगडी जात्यांना दळायला जड जाई, म्हणून गिरणीवाले भाव कमी देत. पोलादी रोलरच्या गिरण्या आल्यावर चित्र पालटलं. बर्नहार्ड वार्केन्टिन यांनी हॉल्स्टेडला गिरणी काढली होती. त्यांनी १८८० च्या दशकात आणि पुन्हा शतकाच्या वळणावर क्रिमियातून बियाणं मोठ्या प्रमाणात मागवलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कॅन्ससच्या गव्हाखालच्या बहुतांश जमिनीत टर्की होता.

याच टर्की रेडचा एक धागा आपल्या ताटापर्यंत येतो. जपानमध्ये त्याचा संकर करून १९३५ मध्ये नोरिन १० हे बुटकं वाण निघालं. त्यातला बुटकेपणा अमेरिका आणि मेक्सिकोमार्गे १९६० च्या दशकात भारतात आला, आणि सोनोरा ६४, कल्याणसोना ही नावं आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. क्रिमियातून आलेल्या टणक गव्हाचा अंश त्यांच्या वंशात आहे.

पश्चिमेला हेच जमलं नाही

सांता फेनं मेनोनाइटांच्या यशाचा पुढे भरपूर उपयोग केला. बघा, टोळधाडीच्या साली आलेले लोक कसे बहरले, असं सांगून पश्चिमेकडची जमीन विकली गेली. नांगर चालला की मागोमाग पाऊस येतो, असं त्या काळी मनापासून मानणारे लोक होते. डॉज सिटीजवळून १०० वी रेखावृत्त रेषा जाते. तिथं पाऊस वीस इंचांच्या आसपास, तर न्यूटन-हिल्सबरोकडे तीस इंचांच्या घरात. १८८० च्या दशकाच्या मध्यात पाऊस बरा झाला, पश्चिमेत गावंच्या गावं आखली गेली, आणि १८८७ नंतरच्या दुष्काळांत त्यातली कित्येक रिकामी झाली. १८९३ च्या डिसेंबरात सांता फे स्वतःच दिवाळखोरीत गेली.

रेल्वे माणसांना माळावर आणू शकली, त्यांचा माल नेऊ शकली, पण तिला पाऊस पाडता येत नव्हता. मार्यन काउंटीत वीबेंनी विहिरीच्या खोलीवर निर्णय घेतला होता. पश्चिमेत अनेकांनी तो जाहिरातीवर घेतला.

ग्नाडेनाउच्या जागी आज शेतं आहेत. शेजारच्या हॉफनुंग्सथाल या तशाच गावातलं १८७६ चं एक कच्च्या विटांचं घर टिकलं. मधली भट्टी, जोडलेला गोठा, सगळ्यासकट ते १९५८ मध्ये जागचं उचलून नेलं आणि हिल्सबरोत, फाट्यावरच्या त्या स्टेशनगावात, संग्रहालय म्हणून ठेवलं. गावातलं घर बघायला आता स्टेशनाच्या गावाला जावं लागतं.